चार दहाची मुरगूड-निपाणी

जिनपाल चौगुले यांनी आयुष्यात दोनच कामं मनापासून केली. एक, एसटीच्या गाड्या वेळेवर सोडणं आणि दुसरं, कथा लिहिणं. पहिल्या कामाचं कौतुक निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ देऊन झालं. दुसऱ्याचं कुणीच केलं नाही. सत्तावीस वर्षं ते दिवाळी अंकांना कथा पाठवत होते आणि सत्तावीस वर्षं त्या साभार परत येत होत्या. एका संपादकानं तर कार्डावर लिहिलं होतं, 'आपली कथा वाचताना वेळापत्रक वाचल्यासारखे वाटते.' जिनपालअण्णांना ती शाबासकीच वाटली. ते कार्ड त्यांनी अजून जपून ठेवलं आहे.

माणूस होताच तसा. वाहतूक नियंत्रक म्हणून अकरा वर्षं मुरगूडच्या स्टँडवर काढली, मग बदली होत होत कोल्हापूर. खिडकीत बसून माईकवरून गाड्या पुकारून आवाज असा कमावलेला, की घरात आमटी मागितली तरी राजारामपुरीतल्या शेजाऱ्यांना कळायचं आज आमटी आहे. त्यांच्या कथेत कुणी रडलं तर किती वाजता रडलं हे लिहिलेलं असायचं. कुणी प्रेमात पडलं तर कुठल्या फलाटावर, तेही. बायको त्रिशला म्हणायची, "तुमच्या गोष्टीत माणसं कमी आन् गाड्याच जास्त." तिनं त्यांची एकही कथा शेवटपर्यंत वाचली नव्हती, निदान ती तसं सांगायची.

आणि त्रेसष्टाव्या वर्षी कथा स्वीकारली गेली. चार प्रकरणांची लांबलचक कथा. रेवती नावाची एक बाई ठरवून नाहीशी होते. विहीर नाही, नदी नाही, कुणाचा हात धरूनही नाही. जगायचं आहे म्हणून नाहीशी होते, आणि मागे असा एकही धागा ठेवत नाही की कुणी तो धरून तिच्यापर्यंत पोचेल. पहिली तीन प्रकरणं वाचून संपादकांनी स्वतः फोन केला. "चौगुले, या खेपेला बाई खरी वाटतेय. चौथं प्रकरण लवकर द्या, दिवाळीला घेतोच." अण्णा दोन दिवस जमिनीवर नव्हते.

बाई खरी का वाटत होती, हे मात्र त्यांनी संपादकांना सांगितलं नाही. त्याचं श्रेय स्वप्नालीचं होतं. शाहूपुरीत सम्मेदचं टायपिंगचं दुकान आहे, तिथं ती कामाला होती. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची, कमी बोलणारी. अण्णा शेजारी खुर्ची टाकून हातातले कागद वाचून दाखवायचे आणि ती टाइप करायची. दोन पानं निमूट टाइप करून झाली, की तिची बोटं थांबायची.

"अण्णा, रेवती मोबाइल घरी ठिवून जाती, हे चुकतंय."

"का गं?"

"घरात वाजला की सासू उचलंल, तासाभरात बोंब व्हईल. फोन पन्हाळ्याच्या गाडीत सीटखाली टाकायचा. शोधणारे आधी गडावर जात्यात."

अण्णांनी मांडीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, रेवतीनं दोरीवरचे कपडे काढायचे नाहीत. कपडे वाळत दिसले की घरच्यांना वाटतं, येईल संध्याकाळपर्यंत. वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी जीपमध्ये बसायचं नाही, ड्रायव्हर चेहरा लक्षात ठेवतो. एसटीत कुणी कुणाकडं बघत नाही. आणि शेवटच्या प्रकरणाच्या वेळी म्हणाली, "निपाणीच्या पुढं कायबी लिवू नका. तुमास्नी म्हाईत आसलं तर ती हरवली कशी म्हणायची?"

हे काही अण्णांना फारसं पटलं नव्हतं, तरी त्यांनी मानलं. पण गाडीच्या बाबतीत त्यांनी ऐकून घेतलं नाही. रेवती मुरगूडला येणार आणि चार दहाची मुरगूड-निपाणी पकडणार, हे ठरलेलं होतं. स्वप्नालीनं विचारलं, "चार दहाला हाय न्हवं गाडी? नक्की?"

"अगं, अकरा वर्षं ह्या हातानं सोडलीया. एक दिस चुकली न्हाय," अण्णा छाती फुगवून म्हणाले. तिनं ती वेळ कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून घेतली. वाचक असावा तर असा, असं वाटून अण्णा त्या दिवशी शीळ घालत घरी गेले.

ऑक्टोबरच्या उकाड्यात ती मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस का घालते, ते त्यांनी कधी विचारलं नाही. सहाच्या ठोक्याला नवरा मोटारसायकल घेऊन दारात उभा राहायचा, हॉर्न वाजला की तिचं बोलणं मध्येच तुटायचं, आणि ती निघताना फोन त्याच्या हातात द्यायची. हे सगळं अण्णांच्या डोळ्यांसमोर घडत होतं. स्वतःला लेखक म्हणवणाऱ्या माणसाला दिसत काय होती, तर फक्त आपली कथा.

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. दुपारचे पावणेदोन वाजले असतील. दारावर थाप पडली. बाहेर दोघं जण. पुढं पन्नाशीतला, मिशीवाला. मागं तिशीतला, हातात हेल्मेट आणि कागदांचा गठ्ठा. मागच्याला अण्णांनी ओळखलं. स्वप्नालीचा नवरा, धैर्यशील.

"चौगुले तुमीच न्हवं, पावणं?" मिशीवाला आत येत म्हणाला. "मी विजयसिंह. ह्याचा मामा. जरा काम हुतं."

धैर्यशील बसला. हातातलं हेल्मेट त्यानं समोरच्या टीपॉयवर ठेवलं, आणि अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं नाही ते केवळ अजून काय झालंय हे ठाऊक नव्हतं म्हणून. हेल्मेट ठेवलं होतं ते एका निळ्या फायलीवर, आणि त्या निळ्या फायलीत चौथं प्रकरण होतं, त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात.

"हे तुमचं हाय?" धैर्यशीलनं गठ्ठा पुढं केला. पहिल्या तीन प्रकरणांची प्रुफं. समासात पेन्सिलीनं स्वप्नालीच्या दुरुस्त्या. "गादीखाली घावलं. आज सकाळी धाला दुकानात जाते म्हणून गेली ती पोचलीच न्हाय. फोन लावला तर कंडक्टरनं उचलला. पन्हाळ्याच्या गाडीत सीटखाली पडला हुता म्हणं." त्यानं गठ्ठ्यावर बोट ठेवलं. "तुमच्या गोष्टीतबी तिथंच पडलाय."

"आन् दोरीवर कपडे तसंच हायत," मामा म्हणाला.

अण्णांची पाचावर धारण बसली. चाळीस वर्षं माईकवर गाजलेला आवाज कुठं गेला कळेना.

"पुढं काय हुतंय?" धैर्यशीलनं विचारलं. "चौथं प्रकरण कुठं हाय?"

"आवो, गोष्ट हाय ती..."

"गोष्टच सांगा की मग. तिला न्हाय तर रेवतीला शोधतो." तो हसला. "तसं कायबी न्हवतं वो घरात. एकांदा हात उठला आसंल. कुठल्या घरात उठत न्हाय? एकदा तक्रार करायला गेलती, नात्यातल्या चार मान्सांनी समजूत घालून आणली परत. बाप न्हाय तिला, आई भावाकडं. जाणार कुठं?"

अण्णांना त्या मनगटापर्यंतच्या बाह्या आठवल्या. एकदम सगळ्या आठवल्या, रोजच्या. पोरगी चार महिने त्यांच्या शेजारी बसून स्वतःची सुटका लिहून घेत होती, आणि ते तिला म्हणत होते, पोरी, तू लेखिका व्हायला पायजेस. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

त्रिशला चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. "हेल्मेट उचला जरा, ट्रे ठेवायचाय." धैर्यशीलनं हेल्मेट मांडीवर घेतलं. तिनं ट्रे टेकवला, आणि "कवाची रद्दी पडलीया हितं, सांगून सांगून तोंड दुखलं," असं पुटपुटत कालचा पेपर आणि निळी फाइल दोन्ही उचलून आत निघून गेली. तिनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

अण्णांनी चहाचा घोट घेतला. आता एकच उरलं होतं. कथा सांगायची.

"पन्हाळ्याच्या गाडीत फोन टाकती, आन् सुटायच्या आधी खाली उतरती," ते म्हणाले. "तिथनं अकरा पस्तीसची इचलकरंजी. चार नंबरचा फलाट. इचलकरंजीत तिच्या शाळंतली एक मैत्रीण हाय, यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरती. नवरा परराज्यातला, पाळीवर जातो. तिच्या खोलीवर दुपार काढती. आन् पाच पाचच्या गाडीनं मिरजंला, तिथनं रेल्वे."

इचलकरंजी त्यांनी निवडली ती मुरगूडच्या वाटेपासून लांब, दुसऱ्याच दिशेला म्हणून. सांगताना आवाज परत आला होता. फलाट, मिनिटं, सगळं तोंडात आपोआप येत होतं. धैर्यशील मोबाइलवर टिपून घेत होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांची कथा शब्द न् शब्द लिहून घेत होतं.

मामा मात्र मिशीवर बोट फिरवत होता. "पाच पाचची मिरज? ती बंद झाली की वो. करोनात बंद पडली ती पडलीच. कवाच्या येळा सांगताय?"

अण्णांनी बशी खाली ठेवली. मामाला काय सापडलं याची त्यांना भीती नव्हती. भीती दुसरीच होती. मिरजेची वेळ त्यांच्या नोकरीतल्या ज्या जुन्या डायरीतली, चार दहाची निपाणीही त्याच डायरीतली.

"गोष्ट हाय," ते कसंबसं म्हणाले.

"गाडी बंद आसंना, कांड्या भरणारी बाई तर आसंल," धैर्यशील उठला. "दुकानातल्या कॉम्प्युटरवर चौथं प्रकरण हाय म्हणं. सम्मेद सांगलीला गेलाय, चारला येतो. त्यात दुसरं काय निघालं, तर परत हितंच येणार म्या."

दोघं गेले. गाडीचा आवाज कोपऱ्यावर विरतोय तोवर अण्णांनी कृष्णातला फोन लावला. हा पोरगा त्यांच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतः नियंत्रक.

"मुरगूडहून चार दहाची निपाणी? काय अण्णा, ती बंद पडून पाच वर्सं झाली. आता दोनला एक हाय. मग एकदम साडेसात."

फोन ठेवला तेव्हा अडीच वाजले होते. दोनची गेली. साडेसातपर्यंत ती पोरगी त्या स्टँडवर बसून राहणार, न येणाऱ्या गाडीची वाट बघत, कारण एका म्हाताऱ्यानं छाती फुगवून सांगितलं होतं. तिच्याकडं फोन नव्हता. मुरगूडच्या खिडकीत फोन करावा, तर माईकवरून नाव पुकारलं की अख्ख्या स्टँडला कळणार. आणि चारला सम्मेद फाइल उघडणार; त्याला दोनदा फोन लावला, तर लागत नव्हता.

"दुखऱ्या गुडघ्याचं काय?" त्रिशलानं विचारलं. ती स्कूटरची किल्ली घेऊनच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या हातात डबा. "हे तिला. सकाळपास्नं खाल्लं नसंल काय. आन् जावा आता, बघत काय ऱ्हायलाय?"

पावणेतीनला स्कूटर निघाली. अण्णांनी जन्मात कधी पन्नासच्या वर काटा नेला नव्हता. हायवेवर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते, गुडघा ठणकत होता, आणि डोक्यात एकच हिशेब चालला होता, किती किलोमीटर, किती मिनिटं. कागलला वळणावर खिशातला फोन वाजला. त्यांनी स्कूटर कडेला घेतली. तीन पस्तीस.

"अण्णा, मी लवकर आलो," सम्मेद म्हणाला. "स्वप्नालीच्या नवऱ्याचा फोन आलता. तुमचं चौथं प्रकरण पायजे म्हणाला. तुमी हो म्हणालाय म्हणं."

"पाठवू नगंस! सम्मेद, माझ्या परवानगीशिवाय एक ओळ..."

"आता पाठवलं की. पाच मिन्टं झाली." सम्मेद गोंधळला. "का वो? काय झालं?"

अण्णांनी फोन खिशात टाकला. ते दोघं आता इचलकरंजीत. वाचायला दहा मिनिटं, मुरगूडला यायला तास-सव्वातास. त्यांनी स्कूटर मुरगूडच्या रस्त्याला घातली. दोन्ही बाजूंना ऊस इतका वाढलेला, की वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. मागं गाडीचा आवाज आला की ते आरशात बघायचे. एक मोटारसायकल हॉर्न देत अगदी जवळ आली, खेटून पुढं गेली. मागं गवताचा भारा. अण्णा मोठ्यानं 'णमोकार' मंत्र म्हणू लागले, तेही माईकवर म्हणतात तसे.

मुरगूडच्या स्टँडात शिरले तेव्हा घड्याळात चार दहा झाले होते.

ती शेवटच्या बाकावर होती. ओढणी नाकापर्यंत, मांडीवर कापडी पिशवी, नजर फलाटाच्या तोंडाकडं. अण्णांना बघितलं आणि ती ताडकन उठली. दोन पावलं मागं सरकली, भिंतीला टेकली.

"अण्णा." तिनं पिशवी छातीशी धरली. "तुमी सांगितलंसा त्यास्नी?"

ती त्यांना इतकी घाबरली होती, हे अण्णांच्या काळजात घुसलं. "न्हाय गं बाळ. न्हाय. गाडीच न्हाय चार दहाची. बंद पडून पाच वर्सं झाली. माझं चुकलं. मला म्हाईत नव्हतं आन् मी छाती ठोकून सांगितलं तुला."

तिला पटेपर्यंत चार-पाच क्षण गेले. तेवढ्यात कँटीनवाला बाहेर आला, नवा माणूस, अण्णांना न ओळखणारा. "काय भानगड हाय वो, पावणं? ही बाई दीड तास झालं बसलीया. काय विचारलं तर बोलंना."

इकडं-तिकडं बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. अण्णांनी वळून बघितलं, आणि अकरा वर्षं ज्या स्टँडवर पुकारत आले होते त्या स्टँडवर शेवटचं पुकारलं. "माझी लेक हाय! घरात भांडून आलीया. बाप न्यायला आलाय, झालं समाधान?"

कँटीनवाला ओशाळून आत गेला. "चल," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "निपाणीपातूर मी सोडतो."

ती मागं बसली. अर्ध्या वाटेवर तिनं डोकं त्यांच्या पाठीला टेकवलं, आणि ती रडत होती ते त्यांना शर्टातून कळत होतं. त्यांनाही रडू येत होतं. पण रस्ता दिसायला हवा म्हणून आवरलं.

निपाणीच्या स्टँडबाहेर उतरल्यावर त्यांनी डबा तिच्या हातात दिला. "काकूनं दिलाय. खाऊन घे." ती वाकून पाया पडायला लागली, तर त्यांनी धरलं. बाही वर सरकली. आत काय होतं ते त्यांनी बघितलं, आणि बाही परत हळूच खाली ओढून दिली.

"अण्णा, तुमी तोंड तिकडं करून उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "मी कुठल्या गाडीत बसते ते बघू नका. उद्या कुणी विचारलं तर तुमास्नी खोटं बोलाय लागू नये."

ज्या माणसानं उभ्या जन्मात प्रत्येक गाडी कुठं जाते हे सांगितलं, तो स्टँडकडं पाठ करून एका रसवंतीच्या पाटीकडं बघत उभा राहिला. मागं कानडीतून गाड्या पुकारल्या जात होत्या. त्यातली गावांची नावं कानावर पडू नयेत म्हणून अण्णा पाटीवरचे दर मोठ्यानं वाचत बसले. एक गाडी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. मग त्यांनी मागं बघितलं. ती नव्हती.

घरी पोचायला दिवस मावळून गेला होता. दिवस मावळल्यावर त्या जैन घरात कुणी जेवत नाही; अण्णा उपाशीच झोपायला निघाले. त्रिशलानं फक्त एवढं विचारलं, "बसली?" ते म्हणाले, "बसली." मग आठवण झाली म्हणून त्यांनी निळ्या फायलीची चौकशी केली.

"बंबात घातली," ती म्हणाली. "पाणी तापलंय, आंघोळ करून घ्या. आन् एक सांगू? ही गोष्ट म्या शेवटपातूर वाचली हुती."

सकाळी त्यांनी संपादकांना फोन केला आणि कथा परत मागितली. संपादक भडकले. सत्तावीस वर्षं मागं लागला होतात ना, आता छपाईला चालली तर परत? कारण काय? "शेवट चुकलाय," अण्णा म्हणाले. "दुरुस्त हुण्यासारखा न्हाय." यापुढे त्या अंकाचं दार आपल्याला बंद झालं, हे त्यांना कळलं. वाईट वाटलं, नाही असं नाही.

दहाच्या सुमारास विजयसिंह एकटाच आला. दमलेला, डोळे तांबारलेले. आत यायला बोलावलं तरी उंबऱ्यातच उभा राहिला.

"पावणं, तुमचं काय खरं न्हाय," तो म्हणाला. "काल इचलकरंजी पालथी घातली. मग तुमचं चौथं प्रकरण वाचून मुरगूडला गेलो. चार दहाची गाडीच न्हाय म्हणं तिथं. आमचा धैर्यशील तर तुमच्या नावानं खडं फोडतोय. म्हातारा मनाला यील ते लिवतो, म्हणतोय."

आत स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"एक पोरगी बसली हुती म्हणं स्टँडवर," मामा पुढं म्हणाला. "कँटीनवाल्यानं सांगितलं. तसाच बांधा, तशीच ओढणी. आमी म्हणलं, घावली. पर तिला तिचा बाप यिऊन घिऊन गेला. म्हंजे आमची न्हवं. आमच्या सुनंला बाप न्हाय."

"व्हय," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक निघाला. "न्हाय."

मामा वळला, दोन पायऱ्या उतरला, आणि तिथंच थांबला. मान न वळवता त्यानं विचारलं, "निपाणीच्या पुढं काय हुतं वो तिचं? तुमच्या त्या रेवतीचं. तुमी लिवलंच न्हाय."

"म्हाईत न्हाय," जिनपालअण्णा म्हणाले, आणि त्या दोन दिवसांत त्या माणसाशी ते पहिल्यांदाच खरं बोलले.